दारात अडकलेला सोफा

शमशेरभाईंच्या घरी गुरुवारी सकाळी फ्रीज आला. सरवरीने त्याच्यावरून एकदा हात फिरवला, मग पदराने तो पुसला आणि पुसून झाल्यावर पुन्हा हात फिरवला. फ्रीज आपला नाही, संध्याकाळी परत जायचा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर घरात फ्रीज उभा राहिला म्हटल्यावर बाईमाणसाचा हात कुठवर थांबणार?

फ्रीजमागोमाग टीव्ही आला, मग उभा पंखा, मग पाच माणसांचा मखमली सोफा. हे सगळं शेजारच्या सहादेवकडून उसनं आणलेलं होतं. कारण दुपारी नगरहून एका ट्रस्टची माणसं घर बघायला येणार होती आणि बघायला येणाऱ्यापुढे चांगलं तेच ठेवायचं, हा शमशेरभाईंचा जन्माचा धंदा होता.

शमशेरभाई घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशींचे दलाल. विकणारा एकीकडे, घेणारा एकीकडे आणि मध्ये शमशेरभाई. पाहणीआधी म्हैस घासूनपुसून काळीभोर करायची, शिंगांना तेल लावायचं, सकाळची धार न काढता कास भरलेली ठेवायची. मग घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि तोंडाने चकार शब्द न काढता बोटं धरून भाव ठरवायचा. रुमालाखाली जे ठरलं ते बाहेर बोलायचं नाही, हा तिथला कायदा. बाकी सगळ्या गोष्टी शमशेरभाई भरपूर बोलत आणि त्याहून जास्त विचारत. प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे.

पण बाजारातल्या घासाघिशीच्या सवयीने मागच्या वर्षी घात केला होता. त्यांची मुलगी सुमैरा नगरला औषधशास्त्राला होती. सरकारी मदतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा, म्हणून शमशेरभाई तलाठ्याकडे गेले. त्याने विचारलं, वर्षाची कमाई किती? आता बाजारातल्या माणसाला पहिल्याच फटक्यात खरा आकडा सांगणं म्हणजे नामुष्की. शमशेरभाईंनी चांगला चढा आकडा सांगितला, की समोरचा खाली ओढेल, आपण जरा ताणू आणि शेवटी खऱ्यापाशी येऊन ठरेल. तलाठी बिचारा सरळ माणूस. त्याने घासाघीस केलीच नाही, सांगितला तो आकडा लिहून घेतला. अशा रीतीने आठवड्याच्या एका बाजारावर जगणारे शमशेरभाई सरकारदरबारी श्रीमंत झाले आणि सुमैराची मदत गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून एक कोडं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. म्हशीचं वय दातावरून कळतं, दूध कासेवरून कळतं. माणसाची कमाई कशावरून कळते? कागदावरून कळत नाही, हे तर त्यांनी स्वतःच सिद्ध केलं होतं. म्हणून सुमैराने फोनवर सांगितलं की, हा ट्रस्ट कागद बघत नाही, घरी येऊन बघतो, तेव्हा शमशेरभाई खूश झाले. आता या वेळी चूक करायची नाही. यंदाची फी ट्रस्टने भरली तर भरली, नाहीतर पोरीला दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी यावं लागणार होतं. तिने खोलीतलं सामान बांधायलासुद्धा घेतलं होतं.

"पन गरिबाला देतात म्हणं मदत," सरवरीला शंका आली होती.

शमशेरभाई हसले. बँक कुणाला देते? ज्याच्याकडे आहे त्याला. बाजारात उधारी कुणाला मिळते? ज्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा असतो त्याला. उभ्या आयुष्यात फाटकं बघून कुणी त्यांना काही दिलेलं नव्हतं. सरवरीच्या शंकेला एवढं उत्तर पुरलं.

सहादेव मात्र दिलदार निघाला. शमशेरभाई फक्त दोन खुर्च्या मागायला गेले होते. नगरची माणसं येणार आहेत, पोरीच्या शिक्षणाचं बघायला, एवढं ऐकल्यावर सहादेवने विचारलं, कोण ट्रस्ट, कधी येणार. मग म्हणाला, "खुर्च्या काय घेऊन बसला, शमशेरभाई. सोफाच ने की. शेजारी कशाला असतो?" फ्रीज त्यानेच सुचवला. टीव्ही त्याने स्वतः भिंतीवरून उतरवला. पंखा तर न मागता आणून दिला आणि जाता जाता टेम्पोसुद्धा शमशेरभाईंच्या अंगणात आणून लावला. अंगणात एका गिऱ्हाइकाची म्हैस शुक्रवारच्या बाजारासाठी येऊन बांधलेली होती. तिला शमशेरभाईंनी तेल लावून टेम्पोशेजारी उभी केली. घर असं काही दिसायला लागलं की, येणारी जाणारी माणसं थांबून लग्न कुणाचं म्हणून विचारू लागली.

दुपारी पांढरी गाडी आली ती आधी सहादेवच्या दारात थांबली. शमशेरभाईंना वाटलं, चुकली असेल. पण गाडीतून उतरलेले आप्पासाहेब, म्हणजे ट्रस्टचं काम बघणारे निवृत्त हेडमास्तर, आणि त्यांच्यासोबतची अश्विनी नावाची मुलगी सरळ सहादेवच्या घरात शिरली. आता शमशेरभाईंना घरात थांबवेना. पाहणी करतात तरी कशी, हे बघावं म्हणून ते गेले आणि सहादेवच्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. गावात कुणी कुणाच्या दाराला टेकलं तर विचारत नाहीत.

आत सहादेव फाटक्या बनियनवर चटईवर बसला होता. बनियन नेमकं पोटावर फाटलेलं होतं आणि पोट काही गरिबाचं नव्हतं. घर रिकामं. भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा पांढराशुभ्र चौकोन उरला होता आणि कोपऱ्यात फरशीवर फ्रीजच्या पायांचे चार डाग. "बसायला द्यायलाबी काई न्हाई, साहेब," सहादेव सांगत होता. "पोरगी नर्सिंगला हाय. कसं करावं कळंना." त्याच्यामागे त्याची मुलगी आरती मान खाली घालून उभी होती.

शमशेरभाईंना आधी मजा वाटली. अरे, म्हातारी म्हैस तरणी दाखवणारे हजार पाहिले, पण तरणी म्हैस म्हातारी दाखवणारा हा पहिलाच. मग हळूहळू उजेड पडला. सरवरी म्हणत होती तेच खरं होतं. इथे रिकाम्या घराला भाव होता. आणि सहादेवला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्याने आपलं भरलेलं घर उचलून शमशेरभाईंच्या घरात ओतलं होतं. शमशेरभाईंना राग आला, चांगलाच आला. इतकी वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस असं करतो, याचं वाईट त्याहून जास्त वाटलं.

ते घरी धावले तर सुमैरा एस.टी.तून उतरून नुकतीच दारात पोचली होती. खांद्याची पिशवी तशीच ठेवून ती टेम्पोकडे, म्हशीकडे, फ्रीजकडे पाहत होती.

"अब्बा, हे काय केलंत?" ती एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"कळलं, बेटा. आत्ता कळलं. आधी सोफा धर."

आणायला सहादेव आणि त्याचे दोन गडी होते. त्यांनी सोफा तिरका करून, एक पाय आधी आत घालून, मग वळवून आणला होता. बाहेर काढायला बाप, लेक आणि सरवरी. घाईघाईत त्यांनी तो सरळच रेटला. सोफा दारात अर्धा गेला आणि अडकला. पुढे जाईना, मागे येईना. सुमैरा आतून ढकलत होती, शमशेरभाई मागच्या दाराने वळसा घालून बाहेरून ओढत होते आणि सरवरी दोन्हीकडून सल्ला देत होती. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "शमशेरभाई आपणच का?"

शमशेरभाईंनी सोफा सोडला आणि कपाळाला हात लावून सलाम केला. दारातून आत जाता येत नव्हतं, म्हणून आप्पासाहेबांनी शांतपणे इकडेतिकडे पाहिलं आणि दारातल्या सोफ्यावरच बसले. अर्धे घरात, अर्धे अंगणात. अश्विनीला मागच्या दाराने आत नेऊन सुमैराने चूल, ट्रंक, भांडी सगळं दाखवायला घेतलं. शमशेरभाई आप्पासाहेबांसमोर अंगणात उभे राहिले. हेडमास्तरांपुढे बसायचं नाही, एवढं शाळेतलं त्यांना अजून आठवत होतं.

"सोफा छान आहे," आप्पासाहेब म्हणाले.

शमशेरभाईंच्या तोंडावर आलं होतं, सहादेवचा आहे. एक वाक्य बोलायचा अवकाश, की पोरीचं काम झालं असतं. फ्रीज त्याचा, टीव्ही त्याचा, टेम्पो त्याचा, सगळं सांगून मोकळं व्हायचं. पण ते वाक्य सुमैराची फी भरणार होतं आणि त्याच वेळी आरतीची बंद करणार होतं. आणि आरतीचं शमशेरभाईंना एक माहीत होतं. आखाडाच्या महिन्यात पारावर बसून सहादेव म्हणाला होता, फुकटात शिकली तर शिकंल, माझ्या खिशाला हात लावायचा न्हाई, न्हाईतर वैशाखात लगीन उरकून टाकू. लहानपणापासून सुमैरा आणि आरती एकाच सायकलवर डबलसीट शाळेला गेल्या होत्या.

"व्हय सर," शमशेरभाई म्हणाले. "आमचाच हाय."

"आणि टेम्पो?"

"त्योबी."

आप्पासाहेबांनी टेम्पोकडे पाहिलं. काचेवर मोठ्या लाल अक्षरांत 'आरती' लिहिलं होतं. मग त्यांनी खांद्यावरून मागे वळून घरातल्या फ्रीजकडे पाहिलं. फ्रीजच्या दारावर दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक ताजं होतं. टीव्हीलाही हळदीकुंकवाची बोटं लागली होती आणि पंख्याच्या जाळीत झेंडूची एक वाळकी पाकळी होती. त्यांच्या नजरेमागोमाग शमशेरभाईंची नजर गेली. सकाळपासून हे सगळं डोळ्यांसमोर होतं, पण शेजारच्या घरात वर्षानुवर्षं पाहिलेलं कुंकू त्यांना दिसलंच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराने काठी टेकत सहादेवची आई, भागूबाई आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ फ्रीजपाशी गेली, दार उघडलं, आत हात घालून साखरेच्या इंजेक्शनची बाटली काढली आणि हातात धरून पाहिली.

"गरम झाली की गं, सरवरी," ती म्हणाली. "आमचा फ्रीज उसना न्यायचा तर न्या. पन बटन तरी चालू ठेवायचं. माजी जेवायची येळ झाली."

फ्रीज सकाळपासून बंदच होता, कारण घरात बटण एकच आणि ते टीव्हीला दिलं होतं. भागूबाईने मग टीव्हीकडे बोट केलं, माझी मालिका पाचला असते, तोवर घरी आणून ठेवा, असं बजावलं आणि आली तशी मागच्या दाराने काठी टेकत निघून गेली. तिला ट्रस्टचं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

आप्पासाहेब हसू लागले. आवाज न करता, पोट धरून हसले, इतके की दारातला सोफा कुरकुरला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की, ते इतकी वर्षं घरं बघत फिरतात. गाडी यायच्या आधी घरातून सामान बाहेर गेलेलं त्यांनी गावोगाव पाहिलं होतं. सामान घरात आलेलं मात्र आज पहिल्यांदाच पाहत होते.

"ज्याला फ्रीजसुद्धा उसना आणावा लागतो, त्याच्या घरात आणखी काय बघायचं? पण मला एक सांगा. खरं बोलला असता तर तुमच्या मुलीचं काम झालं असतं. का नाही बोललात?"

शमशेरभाईंनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. सुमैरा आतून ऐकत होती.

"सर, मला एक इचारायचं हाय," ते म्हणाले. "बापाजवळ असलं म्हंजी पोरीजवळ असतंच का? तुमी बापाचं घर बगता. सहादेवजवळ हाय, मी न्हाई कशाला म्हनू? पन आरतीजवळ काई न्हाई. तिचं घर कुटं बगायचं?"

आप्पासाहेबांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. म्हणाले, आमच्या नियमात बापच आहे, मुलीचं असं काही नाही. मग त्यांनी अंगणातल्या म्हशीकडे पाहिलं, ती कुणाची, शमशेरभाई काय करतात, रुमालाखालचा सौदा कसा असतो, असं एकेक विचारत गेले. शमशेरभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढून दाखवला. असा हात, असं बोट. अंगठा दाबला की सौदा पक्का, मग बापजाद्यांची शपथ घातली तरी मोडायचा नाही आणि बाहेर सांगायचा नाही.

"बरं," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी आपला हात पुढे केला. "टाका रुमाल. ही माझी पाच बोटं म्हणजे यंदा तुमच्या गावाला द्यायची सगळी मदत. दोन मुली आहेत. सुमैराला पाचही दिली तर तिची फी पुरी भागते आणि कुणी मला नाव ठेवणार नाही. आरतीला किती, ते तुम्ही सांगा. तोंडाने नको."

रुमाल पडला. शमशेरभाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या म्हशींचे सौदे केले होते, पण आपल्या घरचा सौदा त्यांनी कधी केला नव्हता. त्यांचा हात आधी नुसताच राहिला. मग त्यांनी एक बोट धरलं. सोडलं. पुन्हा धरलं, आणि पुढचं रुमालालाच ठाऊक. आत सरवरी पदर तोंडाला लावून उभी होती आणि सुमैरा बापाच्या मनगटाकडे पाहत होती, जणू कापडाआडून दिसणार होतं. बराच वेळ गेला. म्हशीने दोनदा शेपटी झाडली. मग शमशेरभाईंनी अंगठा दाबला आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

काय ठरलं ते त्यांनी त्या रात्री सरवरीला सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. तिने जेवण वाढताना विचारलं, रुसून विचारलं, शेवटी लाडाने विचारलं. रुमालातलं रुमालात, एवढंच उत्तर. पण दिवाळीनंतर ट्रस्टचे पैसे दोन्ही मुलींच्या कॉलेजात जमा झाले, तेव्हा हिशोब न विचारता कळला. तीन बोटं सुमैराची होती, दोन आरतीची. उरलेल्या फीसाठी शमशेरभाईंनी घोडेगावच्या जोडीला आणखी एका गावचा बाजार धरला. आता ते आठवड्यातून दोनदा पहाटे उठतात आणि सरवरी दोनदा बडबडते. सुमैराने बांधायला घेतलेलं सामान सोडलं. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने बापाचा रुमाल स्वतःच्या हाताने धुऊन वाळत घातला. शमशेरभाईंना तेवढं पुरलं.

आणि सहादेव? भागूबाईने बाटलीचं सांगितलं, पण सोफ्यावर कोण बसलं होतं ते तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्यामुळे सहादेवला यातलं अक्षर कळलं नाही. पैसे जमा झाल्याचं समजल्यावर तो पेढ्यांचा पुडा घेऊन शमशेरभाईंकडे आला. परत गेलेल्या सोफ्याच्या जागी आता सतरंजी होती, तिच्यावर ऐसपैस बसला. त्याचा चेहरा जरा ओशाळलेला होता आणि जरा फुशारलेलाही.

"तुला सगळं मिळालं न्हाई ह्याचं वाईट वाटतं बग," तो म्हणाला. "खरं सांगू का, शमशेरभाई? मी तुला तवाच सांगायला पाहिजे हुतं. रिकाम्या घराला देतात ती. माजं घर रिकामं दिसलं म्हनून आरतीचं काम झालं. तुजं तर माज्या सामानानं गच्च भरल्यालं. तरी तुला दिलं, हेच नवल."

"नवलच हाय," शमशेरभाई म्हणाले आणि एक पेढा तोंडात टाकला.

"पुढच्या साली असं करू नगंस. तूबी सगळं बाहेर काढ. तुजी ट्रंक, तुजी भांडी, जे काय असंल ते. दोघंबी एकदम रिकामी दाखवू."

शमशेरभाईंनी पेढा संपवला, हात पुसला आणि सवयीप्रमाणे त्यांना प्रश्न पडला.

"दाखवू की. पन सहादेव, एक सांग. तुजं घर रिकामं, माजंबी रिकामं. मग सामान ठिवायचं कुनाच्या घरी?"

सहादेव विचारात पडला. त्याने छताकडे पाहिलं, पुड्यातल्या उरलेल्या पेढ्यांकडे पाहिलं, मग अंगणापलीकडच्या आपल्या टेम्पोकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने तो पुढे सरकला आणि हळू आवाजात म्हणाला,

"त्या आप्पासाहेबांच्या घरी जागा असंल का रं?"